घर बांधण्याआधी एक खड्डा

हिंगणघाट तालुक्यातली जुनी गावं पाहत गेलं की त्यांची बसण तुम्हाला ओळखू येते. गाव उंचवट्यावर, वावरं खाली. वणा नदीच्या अंगाला पुरुष-पुरुष खोल काळी माती आहे, कपाशी आणि तूर तिच्यावरच पिकते, पण त्या मातीत कुणी घर बांधलं नाही. घरं बसली पांढरीवर, मुरमाड टेकाडाच्या माथ्यावर. पिकाची जमीन अडवायची नाही हे त्यामागे होतं. पुराच्या पाण्यापासून उंच राहायचं होतं. आणि काळीत बांधलेली भिंत दोन पावसाळ्यांत तडकते हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आता गावठाण भरलं आहे. रस्ता डांबरी झाला की त्याच्या दोन्ही बाजूंची वावरं मोजली जातात, चुन्याच्या रेषा पडतात, सिमेंटचे खुंट उभे राहतात. प्लॉटची किंमत रस्त्यापासूनच्या अंतरावर ठरते. माती कोणती, हा प्रश्न त्या सगळ्या व्यवहारात कुणी काढत नाही. विहीर खोदताना जी माणसं शंभर जणांना विचारतात, तीच माणसं शोषखड्डा मात्र उरलेल्या कोपऱ्यात ढकलून देतात. मला हे मनापासून खटकतं, कारण विहिरीतून वर येणारं पाणी आणि शोषखड्ड्यातून खाली जाणारं पाणी एकाच जमिनीतून फिरत असतं.

दादा एसटीतून निवृत्त झाला आणि त्याने आमच्याच वावराच्या एका तुकड्यावर घर काढायचं ठरवलं. तुकडा लांबट. खालचं टोक रस्त्याला लागून, तिथे काळी खोल. वरच्या टोकाला धुऱ्याजवळ, म्हणजे वावराच्या बांधाजवळ, माती वीतभरच, खाली पिवळसर मुरूम. नकाशा तयार होता: घर रस्त्याला लागून, मागे सेप्टिक टँक, त्याच्या बाजूला शोषखड्डा. मी म्हटलं, बांधायच्या आधी पाणी जिरतं का ते मोजू या. दादा नाही म्हणाला नाही, पण मिस्त्रींना ते पटेना. "ताई, आतापावतर लय टाके बांधले. गड्डा मारला, गोटे भरले, झालं. पानी मोजाले कोनी गेलं नाही." माणूस कसबी आहे आणि त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. इकडे खरंच कुणी मोजत नाही.

मी हट्ट का धरला ते सांगायला हवं. सेप्टिक टँकला आपण सगळं काम सोपवून मोकळे होतो. टाकीत होतं ते एवढंच: जड ते तळाशी बसतं, हलकं ते वर तरंगतं, हवेशिवाय जगणारे जिवाणू त्यातलं थोडंफार कुजवतात. मधून बाहेर पडणारं पाणी दिसायला बरं असलं तरी रोगाचे जंतू त्यात शाबूत असतात. उरलेलं निम्मं शुद्धीकरण माती करते. मातीच्या कणांमधल्या हवेत राहणारे जिवाणू, कणांना चिकटून बसणारे विषाणू, पाण्याचा खाली उतरण्याचा संथ वेग, या सगळ्यांनी मिळून ते पाणी निर्धोक होतं. माती हे करू शकत नसेल, तर टाकी कितीही चांगली बांधली तरी आपण घाण फक्त नजरेआड करतो.

माती हे करू शकते का, ते पाहण्याची रीत जुनी आहे. १९२६ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या हेन्री रायन या अभियंत्याने ती मांडली: खड्डा करा, पाणी भरा, पातळी किती वेळात किती उतरते ते पाहा. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २४७० या संहितेच्या दुसऱ्या भागात (१९८५) ती सविस्तर दिली आहे, आणि घरच्या घरी करता येईल इतकी ती सोपी आहे.

वैशाखात आम्ही सब्बल-फावडं घेऊन लागलो. शोषखड्डा जिथे धरला होता तिथे आधी कमरेएवढं खोदलं आणि तळाशी वीतभर रुंदीचा गोल खड्डा घेतला. तसाच दुसरा वरच्या टोकाला, मुरमात. खोदताना सब्बलीने बाजू गुळगुळीत होतात आणि मातीची छिद्रं लिंपली जातात, म्हणून टोकदार सळईने बाजू आणि तळ खरवडून घ्यायचा. सुटलेली माती काढायची. तळाशी ५ सेंटीमीटर बारीक गिट्टी टाकायची, म्हणजे पाणी ओतताना तळ ढवळत नाही. मग गिट्टीच्या वर किमान ३० सेंटीमीटर पाणी.

काळीतल्या खड्ड्यात पहिलं घमेलं ओतलं आणि पाणी दिसेनासं झालं. दुसरं ओतलं, तेही गेलं. मिस्त्री हसून म्हणाले, "पाहा न ताई, कशी पेते! याहून चांगली जमीन कोनती पाह्यजे?"

इथेच बहुतेकांची फसगत होते. विदर्भाची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली आहे आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. या चिकणमातीचे थर इतके पातळ आणि सैल असतात की पाणी त्यांच्यामध्ये शिरून त्यांना दूर सारतं. माती फुगते. उन्हाळ्यात ते पाणी निघून गेलं की ती आकसते आणि जमिनीला भेगा पडतात, अशा की त्यात हात जातो आणि कधी कधी काठीही तळाला टेकत नाही. वैशाखात ओतलेलं पाणी माती पीत नसते, ते भेगांत पडत असतं. मृगाचे दोन पाऊस झाले की त्या भेगा मिटतात. तेव्हा ज्या जमिनीने घमेलंभर पाणी एका दमात घेतलं, तिच्यावर तेच पाणी पोळ्यापर्यंत उभं राहतं.

शेजारच्या वावराचे काकाजी धुऱ्यावर उभे राहून हे पाहत होते. सत्तरी ओलांडलेली, आयुष्य याच मातीत गेलेलं. ते म्हणाले, "पानी टाकून आज काय पाह्यता? उद्या पाहा. कायी भिजली का फुगते, मंग तोंड मिटते. हे खालचं टोक त पानबसन हाये. इथं श्रावणात आमी बैल नव्हतो टाकत." संहितेत जी अट आहे ती हीच. पाणी भरून ठेवायचं आणि मोजणी २४ तासांनंतर करायची, कारण वर्षातल्या सगळ्यात ओल्या दिवसांत माती जशी असेल तशी ती आधी व्हायला हवी. संपूर्ण चाचणीचा जीव या एका अटीत आहे. ती पाळली नाही तर हाती आलेल्या आकड्याला काही किंमत नाही, निदान आपल्या काळीत तरी नाही. काकाजींनी आयएस कोड पाहिलेला नाही, त्यांनी ती जमीन पाहिली आहे, आणि दोघे एकाच गोष्टीवर येतात याचा मला फार आनंद झाला.

रात्री झोपायच्या आधी काळीतला खड्डा पुन्हा भरला. सकाळी पाहिलं तर पाणी होतं तसंच, गढूळ आणि स्थिर. खड्ड्याच्या बाजू भिजत घातलेल्या डाळीसारख्या फुगून आत आल्या होत्या. मुरमातला खड्डा कोरडा पडला होता.

मग मोजणी. खड्ड्यावर एक फळी आडवी ठेवली आणि तिच्या कडेपासून तुराटीने पाण्यापर्यंतची खोली घेतली, म्हणजे दर वेळी एकाच जागेवरून माप. काळीत रात्रभर पाणी उरलं होतं, म्हणून पातळी गिट्टीच्या वर १५ सेंटीमीटर ठेवली आणि अर्धा तास थांबलो. पातळी उतरली ६ मिलिमीटर. या हिशोबाने २.५ सेंटीमीटर उतरायला सव्वाशे मिनिटं लागणार. मुरमातल्या खड्ड्याची रीत वेगळी. तिथे पाणी उरलेलं नाही, म्हणून १५ सेंटीमीटर भरायचं, दर अर्ध्या तासाने किती उतरलं ते लिहायचं, पुन्हा भरायचं, असं चार तास. धरायचा तो शेवटचा अर्धा तास. तो आला ५ सेंटीमीटर. म्हणजे २.५ सेंटीमीटरला १५ मिनिटं.

२.५ सेंटीमीटर उतरायला ३० मिनिटांपर्यंत लागत असतील तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० च्या मध्ये असेल तर खोल खड्डा सोडून द्यायचा आणि उथळ, लांब चर घ्यायचे. ६० च्या पुढे गेलं तर त्या मातीत सांडपाणी जिरवण्याचा विचारच करायचा नाही. आमच्या घराचा ठरलेला शोषखड्डा त्या मर्यादेच्या दुप्पट पुढे होता. घर बांधून झाल्यावर श्रावणात हे कळलं असतं, न्हाणीतून पाणी उलटं यायला लागल्यावर.

उलटं येणारं पाणी मी पाहिलं आहे. रस्त्याच्या पलीकडच्या ले-आउटमध्ये एक घर आहे, सुंदर बांधलेलं, बांधणाऱ्याने पोटाला चिमटा घेऊन उभं केलेलं. पहिल्याच पावसाळ्यात टाकी तुंबली. घरात सूनबाई बाळंतीण, आणि न्हाणीत पायाच्या घोट्याएवढं घाण पाणी. टाकी उपसणारी गाडी तालुक्याहून यायची, उपसून जायची, आणि आठवड्याच्या आत टाकी पुन्हा भरायची, कारण आजूबाजूच्या फुगलेल्या मातीतून बाहेर जाणारं काहीच नव्हतं. शेवटी कुणीतरी सुचवलं की एक माणूस आत उतरवून तळ साफ करून घ्या. घरच्यांनी ते केलं नाही, देवाची कृपा. संरक्षक साधनं न देता सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आतल्या वायूने क्षणात शुद्ध जाते आणि वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली आणि २०२३ मध्ये ३० लाख केली. पैशाचा आकडा वाढला याचा अर्थ माणसं अजून उतरवली जात आहेत. न जिरणाऱ्या मातीत बांधलेली प्रत्येक टाकी अशा एका उतरणाऱ्या माणसाची शक्यता तयार करते, असं मला वाटतं. आणि तो माणूस कोणत्या वस्तीतून बोलावला जातो हे गावात सगळ्यांना माहीत असतं.

हे पूर्वी इतकं का जाणवलं नाही, असं दादाने विचारलं. उत्तर बादलीत आहे. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानाच्या १२ हजार रुपयांत इकडे संडास बांधले गेले तेव्हा घरात नळ नव्हता. विहिरीवरून डोक्यावर आणलेलं पाणी माणूस जपूनच ओततो. २०१९ पासून जलजीवन मिशनने दर माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी घरात आणायचं ठरवलं. बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरला ही फार मोठी गोष्ट आहे. पण आत आलेलं पाणी बाहेरही जाणार, आणि ते कुठे जिरणार याचा विचार नळाबरोबर आला नाही.

त्याच आकड्यावरून आम्ही खड्ड्याचं माप काढलं. घरात पाच माणसं धरली तर दिवसाला २७५ लिटर. संहितेत सूत्र आहे: २०४ ला मिनिटांच्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे एक चौरस मीटर माती दिवसाला किती लिटर घेईल ते मिळतं. मुरमाच्या १५ मिनिटांना ते साधारण ५३ लिटर येतं. म्हणजे सव्वापाच चौरस मीटरच्या आसपास भिंत हवी: सव्वा मीटरहून जरा कमी व्यासाचा गोल खड्डा, नळी आत येते त्याच्या खाली दीड मीटर खोल. त्यातही थोडं वाढवून ठेवायचं, कारण चाचणी स्वच्छ पाण्याची असते. सांडपाण्याने काही महिन्यांत खड्ड्याच्या भिंतीवर काळसर, बुळबुळीत थर धरतो आणि जिरण्याचा वेग कमी होतो. तो थर वाईट नाही, शुद्धीकरण तिथेच सगळ्यात जास्त होतं. फक्त त्याला जागा द्यावी लागते.

मिस्त्रींचा प्रश्न रास्त होता. "गड्डा वरच्या टोकाले आन् घर खाली. पानी चढन का ताई?" चढणार नाही. मग घरच वर न्यायला हवं होतं. याला दादा दोन दिवस कबूल होईना. रस्त्यालगतची जागा सोडून आत बांधायचं म्हणजे पायवाट, विजेची तार, पाहुण्यांनी विचारणं. वहिनीची चिंता दुसरी होती. वास्तूच्या कागदावर टाकी वायव्येला काढलेली होती आणि मुरूम मात्र आग्नेयेच्या अंगाला. तिच्या श्रद्धेला धक्का लावावा असं मला वाटत नव्हतं आणि मी काही बोलले नाही. तिनेच दोन्ही खड्डे पाहिले, काळीतल्या त्या साचलेल्या पाण्याजवळ बराच वेळ बसली, आणि संध्याकाळी म्हणाली, "देवघर कागदात आहे तिथंच ठेवा. बाहेरचा खड्डा जमीन सांगते तिथं घ्या." मिस्त्रींनीही मग दादाची बाजू सोडली, कारण काळीत पाया भरायला किती मुरूम आणावा लागला असता तो हिशोब त्यांनी बोटांवर करून दाखवला.

घर धुऱ्याकडे सरकलं. मुरमाचा पट्टा पुरेसा रुंद होता, त्याच्या खालच्या कडेला टाकी आणि खड्डा बसले, आणि रस्त्यापर्यंतची सगळी काळी भाजीपाल्याला आणि तुरीला मोकळी राहिली.

पण मुरूमही डोळे मिटून विश्वास ठेवण्यासारखा नाही, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण "पाणी सपकन गेलं" याचा आनंद लोकांना फार होतो. मुरमाखाली फुटका बेसाल्ट असतो. त्याच्या फटींतून पाणी गाळलं न जाता थेट धावतं. पाणी मिनिटा-दोन मिनिटांत नाहीसं होत असेल तर ती जागाही धोक्याचीच, ते पाणी न शुद्ध होता कुणाच्या तरी विहिरीत पोचणार. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर दूर हवा. टेप लावला तेव्हा पहिली जागा काकाजींच्या विहिरीला त्याहून जवळ निघाली. नळ आला असला तरी एप्रिल-मे मध्ये त्यांच्या घरी त्याच विहिरीचं पाणी पितात. खड्डा बाजूला सरकवला, आणि विहिरीच्या उताराच्या वर तो राहणार नाही हेही पाहिलं. मैल्यातून झिरपणारं नायट्रेट पाण्याच्या रंगात, वासात, चवीत दिसत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ती ओलांडली तर सगळ्यात आधी त्रास होतो तो वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना.

सगळा विदर्भ एका मापाने मोजता येणार नाही. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, काळी तर आहेच, वर तिच्यात सोडियम आहे. सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होतात आणि छिद्रं बुजतात, तिथे आमच्या सव्वाशे मिनिटांचंही कौतुक वाटेल. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे माती हलकी असली तरी धानाची बांधी वर्षानुवर्षं चिखल करून मुद्दाम न जिरणारी केलेली असते, पाणी धरून ठेवणं हेच तिचं काम. अशा जुन्या बांधीवर घर काढलं तर वरची माती पाहून फसू नये, खाली तो घट्ट थर बसलेला असतो. शिवाय तिकडे पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की खड्ड्याचा तळच पाण्यात जातो. खोदताना मातीत करडे आणि तांबूस डाग दिसले तर तिथपर्यंत पाणी दरवर्षी चढतं असं समजावं. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आहे, मातीचे नकाशे तिथे तयार होतात. पण प्लॉटच्या दोन टोकांमध्ये एवढा फरक असेल तर शेवटी आपला खड्डा आपल्यालाच खोदावा लागतो.

ज्यांच्याकडे काळीच काळी आहे आणि वर सरकायला मुरूम नाही, त्यांनी काय करावं? मार्ग आहेत. टाकीऐवजी दोन खड्ड्यांचा संडास घेतला तर पाणी कमी लागतं. काळीत त्या खड्ड्यांभोवती ३० सेंटीमीटर जाडीचा रेती-गिट्टीचा वेढा द्यायचा आणि एक चौरस मीटरला दिवसाला १० लिटरच धरून खड्डे मोठे करायचे. एक भरला की दुसऱ्यावर जायचं आणि पहिला किमान वर्षभर झाकून ठेवायचा. त्यात मग वास नसलेलं खत निघतं. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी या खड्ड्यांत सोडायचंच नाही, ते कर्दळी-केळीच्या वाफ्याकडे न्यायचं. सेप्टिक टँकच हवा असेल तर टाकीनंतर गिट्टीची गाळणी लावावी लागते, किंवा जमिनीच्या वर रेतीचा ओटा करून त्यात पाणी जिरवावं लागतं. खर्च वाढतो, पण तो दर पावसाळ्यातल्या गाड्यांच्या खर्चाशी ताडून पाहावा.

श्रावणात मी पुन्हा जाऊन खालच्या टोकाला खड्डा घेतला. या वेळी भिजवायची गरज नव्हती. पाणी ओतायचीही नव्हती. गुडघाभर खोदलं आणि तळाशी ओल गोळा होऊ लागली. वरच्या टोकाला मुरूम ओला होता पण रिता होता.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी एक अर्ज दिला. नवीन ले-आउटला ग्रामपंचायतीने ना-हरकत देण्याआधी प्लॉटधारकाने पाणी जिरण्याची चाचणी करून आकडा जोडावा, आणि ती २४ तास भिजवल्यानंतरची असावी, एवढीच मागणी. चर्चा झाली, दोघा-तिघांनी विरोध केला, प्लॉट विकले जाणार नाहीत अशी भीती बोलून दाखवली. ती भीती खरी आहे, खालच्या वावरांचे भाव पडतील. पण ज्याने बांधलं त्याच्या न्हाणीत ते पाणी आज उभं आहे. विषय २ ऑक्टोबरच्या सभेवर गेला आहे. तोवर पलीकडच्या त्या घराच्या मालकांनी मला बोलावलंय. पोळा झाला की त्यांच्या अंगणात खोदायचं आहे, रेतीचा ओटा कुठे बसेल ते पाहायला. मिस्त्री सोबत येणार आहेत, फळी आणि तुराटी त्यांनीच जपून ठेवली आहे.